मुठीत आणलेले शब्द

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं.

डोंगरावर एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबाचा बंगला होता. थोरला तिथे पाणी भरायचा. साहेब पुस्तक मोठ्याने वाचत बसायचा आणि एखादा शब्द आवडला की तोच तोच पुन्हा म्हणायचा. थोरला घागर खाली ठेवून विचारायचा, "साहेब, म्हणजे काय?" मग साहेब मोडक्यातोडक्या मराठीत, हातवारे करून सांगायचा.

बाजाराच्या दिवशी इतर पोरांना रेवड्या मिळत. थोरला शब्द आणायचा. धाकटा दारातच हात पसरून उभा. थोरला त्याच्या रिकाम्या तळहाताची मूठ मिटायचा आणि कानात सांगायचा, "गॉसमर. सकाळी हवेत कोळ्याचा सुटा धागा तरंगतो ना, तो." कधी म्हणायचा, "सुसरस. वाऱ्याने पानं कुजबुजतात, तो आवाज."

"एवढ्याशा गोष्टीला वेगळा शब्द?" धाकटा विचारायचा.

"साहेब लोकांकडे वेळ बख्खळ, बाबा," थोरला हसायचा.

धाकट्याचा सगळ्यात लाडका शब्द होता अप्रिसिटी. हिवाळ्यात पाठीवर पडणाऱ्या उन्हाची ऊब. थंडीत दोघे भाऊ भिंतीला टेकून बसत आणि थोरला डोळे मिटून तो शब्द म्हणे.

एका पावसाळ्याच्या शेवटी थोरल्याला ताप आला आणि तो गेला.

धाकटा रडला नाही. लोक भेटायला आले तर त्याने दार लावून घेतलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मात्र तो दारात जाऊन उभा राहिला, आणि हात पसरल्यावर त्याला कळलं की आपण काय करतोय. त्याने मूठ गच्च मिटली. दादाचे शब्द आता आपल्याजवळ आहेत तेवढेच. ते कोणापुढे काढायचे नाहीत, वापरले तर झिजतील, असं त्याने ठरवून टाकलं.

तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून हाक आली, "अप्रिसिटी! ये गं, ये!"

शेजारची ठकूआजी शेळीला बोलावत होती. धाकटा कुंपण ओलांडूनच तिच्या अंगणात गेला.

"माझ्या दादाचा शब्द शेळीला?"

"अरे, त्यानंच ठेवलं नाव," आजी म्हणाली. "ही सदा उन्हात बसते म्हणून. मला तरी काय कळतंय त्यातलं?"

"पुन्हा ते नाव घेतलंस तर शेळी डोंगरावर सोडून देईन!"

आजीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं बाबा. नाही घेत," म्हणाली. त्या दिवसापासून ती शेळीला नुसतं "शेळे" म्हणू लागली. शेळी त्या हाकेला ढिम्म हलत नसे. आजीला काठी घेऊन तिच्यामागे फिरावं लागे.

हिवाळा आला. एका सकाळी धाकटा एकटाच भिंतीला टेकून बसला. ऊन पाठीवर आलं. त्याने डोळे मिटले, आणि शब्द आला नाही.

अर्थ होता. ऊब होती. दादा कसा बसायचा तेही आठवत होतं. शब्दच नव्हता. त्याने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग तो उठला आणि धावत आजीकडे गेला.

"आजी, शेळीचं जुनं नाव सांग!"

गोवऱ्या थापणारे आजीचे हात शेणात थांबले. बराच वेळ तिने आठवून पाहिलं. "नाही रे येत. जिभेवरचं गेलं. तूच म्हणालास ना, घेऊ नको म्हणून."

धाकटा मटकन खाली बसला. दादा गेला तेव्हा जे रडू आलं नव्हतं, ते आता आलं. आजीने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "आपण विसरलो. शेळी विसरली असेल कशावरून? जे आठवतं ते म्हण. तिच्याकडे बघ."

शेळी अंगणाच्या टोकाला उन्हात रवंथ करत होती.

"आप... आपसी..." धाकटा म्हणाला. शेळी रवंथ करत राहिली.

"शेवट शिट्टीसारखा वाजतो बघ," आजी म्हणाली. "तिला हाक मारताना गंमत वाटायची."

"प्रिसी... प्रिसिटी..."

शेळीचा एक कान हलला.

"अ... अप्रिसिटी!"

शेळी ताडकन उठली, अंगणातून दुडकत आली आणि तिने धाकट्याच्या उघड्या तळहातात तोंड खुपसलं. तिचं नाक उन्हाने कोमट झालं होतं.

आजी म्हणाली, "घे. तुझ्या दादाचं तुझ्या हातात आलं."

"आजी," धाकटा डोळे पुसत म्हणाला, "रोज हाक मार. मोठ्याने मार. मला भिंतीपलीकडे ऐकू आलं पाहिजे."

पुढच्या बाजाराच्या दिवशी धाकटा वेशीवर उभा राहिला. गल्लीतली पोरं हात पसरून त्याच्याभोवती जमली. त्याने एकेकाची मूठ मिटली आणि कानात एकेक शब्द सांगितला. एका पोरीने विचारलं, "हा कोणाचा?"

"माझ्या दादाचा," तो म्हणाला. "आता तुझा."

तात्पर्य एवढंच: गेलेल्या माणसाने दिलेलं मुठीत दाबून ठेवलं तर ते आपल्याजवळूनही जातं; चार जणांत वाटून टाकलं, तर आपण विसरलो तरी कुणीतरी ते परत आणून देतं.