कोंब राखणारा मुंगळा

पूर्वी शृंगवती नगरीवर महाबाहू राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या माळावर मुंगळा होऊन जन्मले होते. वारुळातलं धान्याचं कोठार त्यांच्याकडे होतं. तिथली रीत अशी, की आत आणलेल्या साव्याच्या, म्हणजे माळावरच्या बारीक रानधान्याच्या, प्रत्येक दाण्याचा कोंब कुरतडून टाकायचा. नाहीतर ओल लागली की दाणा उगवतो आणि वारूळ फुटतं.

त्या वर्षी राजानं शिकार हुसकायला माळ पेटवला. सावा तेव्हा चिकात होता. दाण्यात नुसतं दूध, कोंब अजून धरायचा होता. सगळा करपला. मोठ्यांची करमणूक होते नि लहानांची पोटं जळतात, दुसरं काय.

कोठार रिकामं होत गेलं. शेवटी बोधिसत्त्वांनी बाजूला ठेवलेल्या, न कुरतडलेल्या दाण्यांचा एवढासा ढीग उरला. बोधिसत्त्व त्याच्यापुढे आडवे उभे राहिले.

मुंग्यांची मुकादम खरतुंडा म्हणाली, "बाजूला हो, दादा. पोरं मरायला लागलीत."

"माळावरचं सगळं बी जळालं, बाई. उरलं ते एवढंच. हे खाल्लंत तर पुढं गवताची काडी दिसणार नाही."

"पुढचं पुढं. कोंब शाबूत ठेवलेस कशाला? वारूळ फोडायला?"

"फुलात परागाच्या एकाच कणातून दोघं भाऊ निपजतात. एक दाण्यातला कोंब होतो, एक त्याच्याभोवतीचं पीठ. पिठाला स्वतः कधी उगवायचं नसतं. भावाला पोसायचं नि संपायचं. आपण आजवर कोंब मारत आलो आणि पीठ खात आलो."

"गोष्टींनी पोट भरतं होय रे?"

"नाही भरत. आता पीठ मी होतो, मला खा. दाणे तेवढे बाहेर राखेत पुरू द्या."

दाणे पुरून बोधिसत्त्व आपल्या पायांनी परत आले. पहिला लचका खरतुंडेनंच तोडला.

एका मुंगळ्यानं वारुळाचं काय पोट भरणार? निम्म्याहून जास्त मुंग्या त्या उपासात मेल्या. खरतुंडाही मेली, पुरलेल्या दाण्यांशेजारीच. पण दाण्यांना कुणी तोंड लावलं नाही. पावसानंतर सावा वर आला, तेव्हा तो बघायला मोजक्याच उरल्या होत्या.

ही गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, ती खरतुंडा म्हणजे आज तुमच्यासाठी पाणी भरणारी भिक्षुणी सुमेखला. माळ पेटवणारा राजा म्हणजे मागं बसून जांभया देणारा तो धनिक श्रेष्ठी. त्याला काही आठवत नाही. आणि तो मुंगळा मी होतो. उरलंसुरलं कुणीही देतं. त्याचं फळ आपल्याला दिसणारसुद्धा नाही, हे ठाऊक असून जे दिलं, ती दानपारमिता, दानाची परिसीमा."