करवंदीच्या जाळीवरचे दोरे

एकदा एका वृद्ध नालबंदाने ऐन बाजाराच्या दिवशी आपली पडवी बंद केली. चाळीस वर्षांत असे घडले नव्हते. तो आजारी नव्हता. घरात कोणी गेलेले नव्हते. मग बंद का केली, ते सांगतो.

घाटाच्या पायथ्याशी त्याचे काम चाले. खालच्या मुलखातून येणाऱ्या बैलगाड्या तिथे थांबत. चढणीला लागण्याआधी बैल आडवा पाडून त्याच्या खुरांना नाल ठोकायची, हा धंदा. लोक त्यांना बाबा म्हणत. आपणही बाबाच म्हणू. बोलणे थोडे आणि तेही कडक. त्यांच्यासमोर मोठमोठे गाडीवान विडी लपवत. हाताखाली एक शिष्य होता. तिशीचा, संसारी. घरी बायको आणि दोन लेकरे.

घाटावरच्या पेठेत एक दोरवाला होता. कासरे, वेसणी, दावी विकी. घाट उतरताना हातातला कासरा तुटला तर बैल आवरत नाहीत. गाडी दरीत जाते आणि माणूसही जातो. म्हणून गाडीवान विचारत, 'बाबा, दोर कुठे घ्यावा?' बाबा या दोरवाल्याचे दुकान सांगत. बारा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः तिथला माल पारखला होता. तेव्हाच दोघांत ठरले. बाबांनी पाठवलेल्या गाडीच्या बैलाला डाव्या शिंगावर तांबडा दोरा बांधायचा. तसा बैल दुकानापुढे उभा राहिला आणि माल विकला गेला, की दोरवाल्याने मडक्यात एक चिंचोका टाकायचा. पाच चिंचोक्यांमागे एक पायली ज्वारी. ही ज्वारी बाबा घेत नसत. ती शिष्याला मिळे आणि त्याची चूल तिच्यावर चाले.

त्या वर्षी ज्वारी घटली. महिन्याला आठ पायल्या येत होत्या, त्या पाच झाल्या, मग तीन, मग दोन. शिष्य दोरे तेवढेच बांधत होता. घरात भाकरी मोजून वाढली जाऊ लागली. त्याला राग आला. तो घाट चढून दोरवाल्याकडे गेला.

'मडके दाखवा,' तो म्हणाला.

दोरवाल्याने मडके त्याच्यापुढे उलटे केले. बारा चिंचोके पडले.

'मी चाळीस दोरे बांधले.'

'माझ्या दारात बारा आले.'

'बाकीचे बैल काय उडून गेले?'

'ते तुला ठाऊक. तू दोरे बैलांना बांधतोस की बाभळींना, हे बघायला मी घाट उतरू का?'

पेठेतली माणसे हसली. शिष्य तोंड लाल करून बाहेर पडला. समोर दुसरा दोरवाला गादीवर बसला होता. त्याने हाक मारून पाणी दिले आणि हळूच सांगितले, 'त्याला सोड. मला धर. पाच गाड्यांना दोन पायल्या देईन.'

शिष्य उतरला तो थेट बाबांपुढे उभा राहिला. 'बाबा, सोडू या त्याला. चिंचोके खातो तो. समोरचा दुप्पट देतो म्हणतो.'

'कशावरून?'

'चाळीसचे बारा झाले. आणखी काय हवे?'

'चाळीस बांधलेस कशावरून? निम्मे दोरे पोरांच्या भोवऱ्याला गेले नसतील?'

शिष्याला हे फार लागले. 'पंधरा वर्षे तुमच्याजवळ आहे. माझ्यावर संशय घेता?'

'घेतो. संशय घरापासून सुरू करावा. दुसऱ्याच्या दारात तो नंतर न्यावा.'

बाबांनी दोऱ्याची लड मागितली. उरलेले दोरे एक एक करून मोजले. हिशेब जुळला.

'बरे. तू चोर नाहीस,' ते म्हणाले. एवढीच त्यांची माफी. मग विचारले, 'समोरचा दुप्पट देतो म्हणालास. का देतो?'

'त्याला गिऱ्हाईक हवे.'

'गिऱ्हाईक सगळ्यांनाच हवे. दुप्पट का?'

शिष्य दोऱ्याची लड गुंडाळू लागला.

बाजाराचा दिवस उजाडला. सात गाड्या नाल ठोकून तयार होत्या. बाबा म्हणाले, 'साऱ्यांना दोरे बांध.' शिष्याने बांधले. 'आता पडवी बंद कर आणि चल.' आणखी तीन गाडीवान नाल ठोकायला उभे होते. ते पाहतच राहिले. बाबांनी घोंगडे आणि काठी घेतली आणि गाडीवाट सोडून पायवाटेने घाट चढायला लागले. शिष्याला वाटले, आता दोरवाल्याची खरडपट्टी निघणार. पण अर्ध्या घाटात गाड्या पाण्याला थांबतात तो झरा लागतो, तिथे बाबा थांबले. एका खडकाआड बसले, घोंगडे डोक्यावरून ओढून घेतले आणि वाटेकडे पाठ केली.

'बाबा, पेठ वर आहे.'

'ठाऊक आहे. बस. आणि बोलू नकोस.'

झऱ्याच्या कडेला करवंदीची जाळी होती. तिच्यावर तांबडे दोरे लटकत होते. काही ताजे, काही उन्हाने विटलेले. शिष्याने ते आधीही पाहिले होते. कोणीतरी नवस फेडला असेल असे समजून गेल्या खेपेला तो त्या जाळीला हात जोडून गेला होता.

घटकाभराने गाड्या आल्या. बैल पाण्यावर सोडले गेले. पहिला गाडीवान उतरला. त्याने बैलाच्या शिंगावरचा दोरा सोडला. बाबांच्या नावाचा दोरा पायदळी कसा टाकायचा, म्हणून जाळीवर नीट अडकवला. मग दुसऱ्यानेही तेच केले.

'बारकू, तुझा सोड की,' एकजण म्हणाला. 'नाहीतर तो दोरवाला सडका कासरा गळ्यात मारील.'

'सोडतो रे. मागे एकदा विसरलो आणि घेतलेला कासरा चुलतभावाला दिला, तर उतरताना त्याची गाडी दुसऱ्या वळणावर दरीत गेली. बैल मेला. माणूस वाचला, हे नशीब.'

'मग म्हाताऱ्याला सांगत का नाहीस?'

'तू सांग! नाल ठोकताना हातोडा त्याच्या हातात असतो.'

सगळे हसले. मग तो पहिला गाडीवान खालच्या आवाजात म्हणाला, 'आणि सांगून काय उपयोग? म्हातारा वाटेकरी असणार. फुकट का कोणी कोणाचे दुकान सांगतो? मी तर पुढल्या खेपेला नदीपलीकडच्या नालबंदाकडे जाणार.'

'मी पण,' बारकू म्हणाला.

शिष्य ताडकन उठू लागला. बाबांनी त्याचे मनगट धरले. त्या म्हाताऱ्या पंजात केवढी ताकद होती ते शिष्याला तेव्हा कळले. गाड्या निघून जाईपर्यंत त्यांनी पकड सोडली नाही.

सातांपैकी पाचांनी दोरे सोडले होते. दोघे नवखे होते, त्यांच्या बैलांच्या शिंगांवर दोरे तसेच राहिले. बाबा उठले आणि त्या दोघांच्या मागोमाग पेठेत गेले. दोघे दोरवाल्याकडे कासरे घेऊन पैसे देत होते. बाबांनी एकाच्या हातातला कासरा घेतला आणि पीळ उलगडला. वरून नवा, पांढरा वाखाचा धागा. आत जुना, काळा, बोटांनी तुटणारा.

दोरवाला उठून उभा राहिला. 'बाबा, तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा.'

'हे काय?'

'आता तुमच्यापासून काय लपवू? पाचांमागे पायली ज्वारी द्यायची, ती कुठून काढू? तुमचा दोरा असलेले गिऱ्हाईक पीळ उलगडत नाही. घासाघीसही करत नाही. बिनदोऱ्याच्याला असा माल देता येत नाही, तो तपासून घेतो.'

बाबा त्याच्याशी आणखी बोलले नाहीत. ते त्या दोन गाडीवानांकडे वळले. पेठ ऐकत होती. ज्या माणसाने जन्मात कोणापुढे मान खाली घातली नव्हती, तो म्हणाला, 'मी सांगितले म्हणून तुम्ही हे घेतलेत. माझे सांगणे चुकले. माल परत द्या, पैसे परत घ्या.' पैसे परत मिळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

दोघे घाट उतरू लागले. शिष्य म्हणाला, 'चिंचोके खरे होते.'

'चिंचोके खरे होते. दोर खोटा होता. तू चिंचोके मोजत बसलास.'

'मी सोडूच म्हणत होतो ना?'

बाबा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून बोलले. 'तू ज्वारी घटली म्हणून सोडत होतास. ज्वारी वाढली असती तर त्याला धरून राहिला असतास आणि माणसे दरीत पाठवली असतीस. ज्वारी गाड्या कमी आल्या तरी घटते. तेवढ्यावरून सोडशील तर उद्या चांगला माणूसही सोडशील. आपण पाठवलेला माणूस आपली खूण लपवून दुकानात शिरतो आहे, हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी सोडायचे. दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. गाडीवानांनी त्याचा भरवसा केव्हाच सोडला. सोडायचे राहिलो होतो आपण दोघे. आणि आता ते आपल्यालाही सोडायला निघाले आहेत.'

'पण त्यांनी तुम्हाला सांगायला हवे होते.'

'मी बारा वर्षे हा घाट चढलो नाही. आणि माझ्यापुढे तोंड उघडायची सोय मी कोणाला ठेवली नाही. यात त्यांचा दोष कुठे आहे?'

काही पावले गेल्यावर शिष्याने भीतभीत विचारले, 'मग समोरच्याचे काय? दुप्पट देणाऱ्याचे?'

'तू जा. कोणाचा कोण ते सांगू नकोस. कासरा विकत घे, पीळ उलगड. सहा महिन्यांनी पुन्हा जा.'

'आणि वाटा?'

'घ्यायचा तर गाडीवानाला तोंडावर सांगून घे. सांगताना जीभ अडखळली तर घेऊ नकोस.'

'घरी काय सांगू, बाबा?'

'ज्वारी बंद झाली म्हणून सांग. आणि उद्यापासून पहाटे ये. दोन बैल जास्त पाडू.'

दोन बाजार गेले. पडवीवर गाड्या तुरळक येत होत्या. बाबा येईल त्या गाडीवानाला स्वतः सांगत, 'त्या दोरवाल्याकडे जाऊ नका. माझे चुकले.' एवढेच सांगत, पण प्रत्येकाला सांगत. ऐकणारे खाली बघत. शिष्याला ते ऐकवत नसे, तो भाता जोरात ओढी.

तिसऱ्या बाजारी बारकू आला. गाडी लांब उभी करून घुटमळत राहिला. शिष्याने हातोडा खाली ठेवला आणि त्याच्यापाशी गेला.

'काय ते बोल की.'

'नाही, काही नाही.'

'बोल, बारकू. हातोडा तिकडे आहे.'

बारकूने चोरून बाबांकडे पाहिले. मग म्हणाला, 'मागल्या खेपेला तू ठोकलेला खिळा तिरका गेला आहे. बैल लंगडतो.'

पूर्वी कोणी असे म्हटले असते तर शिष्य भांडला असता. त्याने बैल पाडला, खिळा उपसला, नवा ठोकला आणि पैसे घेतले नाहीत.

'आणखी काही?'

'आहे ना. तुमची पडवी गळते. पावसाळ्यात इथे उभे राहवत नाही.'

बाबांनी तोंड भात्याकडे फिरवले. ते हसत होते की काय, शिष्याला दिसले नाही. पण ज्याची ते इतके दिवस वाट पाहत होते ते हेच, हे त्याला उमगले. तो छपरावर चढला आणि कौले नीट करू लागला.

आज मोबाइलवरून दुसऱ्याच्या मालाची वाट दाखवून विक्रीतला वाटा घेणारे पुष्कळ आहेत. वाटा का घटला असे विचारण्याआधी त्यांनी एकदा नाव लपवून त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाऊन यावे.