राक्षसिणीनं नेलेला पांगुळगाडा

एक होता डोंगर, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी होतं एक गाव. बोरवंड त्याचं नाव. गाव लहान, पण पोरं मात्र उदंड. ऊन कललं की सगळी पाराजवळ जमायची. कुणाचा भोवरा, कुणाची भातुकली, कुणाचे सागरगोटे. आणि हसणं तर असं, की जाणाऱ्या-येणाऱ्यालाही उगीच हसू यावं.

त्या गावात राहायचा धर्मा सुतार. त्याची लेक आवडी. असेल तुमच्या या ताईएवढी. आणि आवडीचा धाकटा भाऊ भिवा. भिवा नुकता कुठं उभा राहायला लागला होता. उभा राहायचा, डुलायचा आणि धपकन बसायचा. मग धर्मानं काय केलं? त्याला पांगुळगाडा करून दिला. लाकडाची तीन चाकं, वर धरायला दांडी. दांडी धरली की गाडा पुढं जाणार आणि मागून बाळ पाय टाकणार. भिवानं दांडी धरली. एक पाऊल टाकलं. आणखी एक टाकलं. आणि खुदकन हसला.

तेवढ्यात डोंगरावरून एक हात आला. हो, नुसता हात! खांबाएवढी त्याची बोटं. त्यानं पाराजवळची सगळी खेळणी गोळा केली, भिवाचा गाडाही उचलला आणि गेला परत डोंगरावर. वर एक राक्षसीण राहायची, बरं का. तिचा तो हात.

मग धर्मानं दुसरा गाडा केला. म्हणाला, "घरातच चालव रे बाबा." भिवा घरात चालला, हसला, आणि डोंगरावरच्या त्या हातानं वरची कौलं बाजूला करून गाडा नेला. मग धर्मानं तिसरा गाडा केला. चाकांना तेल घातलं, आवाज होऊ नये म्हणून. पण भिवाच खिदळला ना! आला हात. गेला गाडा.

धर्मा म्हणाला, "आता मी हात टेकले."

आयाबाया पोरांना दटावायला लागल्या, "हसू नका रे, हात येईल." पोरं गप्प बसायला शिकली. पार ओस पडला. भिवा उंबऱ्याशी बसायचा आणि डोंगराकडं बघत राहायचा. कुणी उभा केला तर पाय आखडून घ्यायचा.

एके सकाळी आई विहिरीवर गेली, बाबा रानात लाकडं बघायला गेले, भिवा शेजारच्या काकूच्या मांडीवर. आवडीनं आपली ठकी घेतली. ठकी म्हणजे तिची लाकडी बाहुली. तांदळाच्या कणगीत लपवली होती, म्हणून तेवढीच वाचली होती. ठकीला ओच्यात बांधलं आणि आवडी निघाली डोंगर चढायला. भीती वाटत होती. वाटणारच. पण पाय थांबत नव्हते.

वर एक गुहा होती. गुहेत खेळण्यांचा हा एवढा ढीग! आणि ढिगाजवळ फतकल मारून राक्षसीण बसली होती. एक बाहुली कानाशी धरून हलवत होती. हलवली, हलवली, आणि कट्‌कन मोडली.

"अगं मावशी, मोडलंस की!" आवडीच्या तोंडून निघूनच गेलं.

राक्षसिणीनं वळून पाहिलं. "कोण गं तू? चिमटीएवढी?"

"मी आवडी. माझ्या भावाचा गाडा न्यायला आलेय. तू का मोडतेस सगळं?"

"मी कुठं मोडते? मी हसू शोधतेय," राक्षसीण म्हणाली. "मला रोज खालून हसू ऐकू येतं. यातच कुठंतरी भरलेलं असणार. पण वर आणलं की एकातूनही निघत नाही. हलवलं, उघडून पाहिलं. नाहीच!"

आवडी तिच्याकडं बघतच राहिली. एवढी मोठी बाई, आणि हिला खेळ म्हणजे काय ते ठाऊक नाही. म्हणाली, "मावशी, खेळावं लागतं. बघ हं."

मग आवडीनं सागरगोटे घेतले. एक वर उडवला, खालचा उचलला, वरचा झेलला. राक्षसिणीच्या बोटांत ते सागरगोटे कुठले मावायला! तिनं सरळ शिळा घेतल्या. एक शिळा वर उडवली, खालची उचलली, आणि वरची पडली पायावर. "आई गं!" पण तिनं सोडलं नाही. पडली, की पुन्हा. पडली, की पुन्हा. मग एक झेलली. खाली गावात माणसं म्हणाली, आभाळ आलेलं नसताना गडगडतंय कसं?

मग आवडीनं भोवरा घेतला. त्याला जाळीची दोरी गुंडाळली, भोवरा फेकला आणि फिरता भोवरा उचलून राक्षसिणीच्या तळव्यावर ठेवला. गुर्रर्र! राक्षसिणीला अशा गुदगुल्या झाल्या, अशा गुदगुल्या झाल्या, की ती हसली. जन्मात पहिल्यांदा हसली! झाडांवरचे पक्षी भुर्रकन उडाले. आवडीही हसली. दोघी पोट धरधरून हसल्या.

"सापडलं!" राक्षसीण ओरडली.

मग आवडी म्हणाली, "मावशी, आता मी जाते हं. गाडा दे."

झालं! राक्षसिणीनं गुहेच्या तोंडावर शिळा लोटली. "नाही जायचं. तू गेलीस की हसू गेलं."

आता मात्र आवडीला रडू आलं. गुहेत अंधार, आणि घरी आई शोधत असेल. "माझा भिवा चालायचा राहील गं," ती म्हणाली.

"चालायचा राहील म्हणजे? चालणं शिकावं लागतं?"

राक्षसिणीला कुणी काही शिकवलंच नव्हतं. आवडीनं डोळे पुसले. ओच्यातून ठकी काढली, तिचे हात गाड्याच्या दांडीवर टेकवले. "हे बघ, असा भिवा उभा राहतो. असा पडतो. मग मी म्हणते, ऊठ राजा. मग तो असा उठतो." असं म्हणत तिनं ठकीला गुहाभर चालवलं.

"मला दे," राक्षसीण हळूच म्हणाली.

आवडीचा जीव घाबरा झाला. ही माझी ठकी मोडणार! पण तिनं दिली. राक्षसिणीनं श्वास रोखला. दोन बोटांच्या टोकांनी ठकीला धरलं, जसं आपण फुलपाखरू धरतो ना, तसं. चालवलं. पाडलं. "ऊठ राजा," म्हणाली. ठकी उठली. साधा ओरखडासुद्धा नाही!

बराच वेळ राक्षसीण ठकीकडं बघत बसली. मग उठली आणि शिळा बाजूला केली. "जा बाई. भाऊ वाट बघत असेल." ठकी परत करायला तिनं हात पुढं केला. आवडीनं ठकीकडं बघितलं. मग त्या मोठ्या हाताकडं बघितलं.

"राहू दे तुझ्याकडं," ती म्हणाली. "आणि चल की माझ्याबरोबर. खेळ तर खालीच असतो."

राक्षसिणीनं सगळी खेळणी पदरात भरली, आवडीला खांद्यावर घेतलं आणि निघाली. गावात कोण पळापळ! दारं लागली, कड्या लागल्या. आवडीची आई तेवढी पुढं धावली. "माझी पोर!"

"आई, घाबरू नको, मावशी आहे," आवडी वरूनच ओरडली.

मग राक्षसिणीनं पाराजवळ गाडा ठेवला. अगदी अलगद. आवडीनं भिवाला आणून उभं केलं. भिवानं दांडी धरली. दुडुदुडु, दुडुदुडु निघाला. आणि वाटेत चाक अडलं एका दगडाला. सगळ्यांनी श्वास रोखला. भिवानं दांडी सोडली. डुलला. आणि तसाच, काही न धरता, पाय टाकत टाकत गेला, थेट राक्षसिणीच्या पायाशी. तिचा अंगठा दोन्ही हातांनी मिठीत घेतला आणि खुदकन हसला.

राक्षसीण हललीसुद्धा नाही. बाळाला धक्का लागेल ना! डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी. दारं उघडली. पोरं बाहेर आली. मग आयाबाया. मग बाप्ये.

पुढं काय? धर्मानं मोडकी खेळणी सांधली, राक्षसिणीनं त्याला डोंगरावरून लाकूड आणून दिलं. दोन गाडे धर्मानं पलीकडच्या वाडीला पाठवले. आणि भिवाचा पहिला गाडा आवडीनं कुंभाराच्या रखमीला दिला. रखमी चालली, तिनं तो तेल्याच्या बाळाला दिला. तो गाडा कुणा एकाचा कधी राहिलाच नाही. ज्याला चालायचं असेल, त्याच्या दारी उभा. राक्षसीण रोज ऊन कललं की पाराशी यायची, आणि शिळांचे सागरगोटे आता अगदी झकास झेलायची.

अशी ती सगळी आनंदात राहिली. गावही निजलं, डोंगरही निजला. आणि तू रे, अजून जागाच? मीट डोळे.