बलभीम गेंड्याची सोयरीक

सावरडोह नावाच्या गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव भागोजी. अंगानं धिप्पाड, मनानं लोण्याचा गोळा. डोकं म्हणाल तर अगदी नवंकोरं होतं, कारण ते फारसं वापरलेलंच नव्हतं. त्याला जे सांगावं ते तो करायचा. तेवढंच करायचा. सांगितलं नाही ते करायचा नाही.

गावाबाहेर संस्थानाच्या वेळचं एक प्राणिसंग्रहालय होतं. भागोजी तिथे कामाला होता. गवत घालायचं, पाणी भरायचं, शेण झाडायचं. तिथे बलभीम नावाचा गेंडा होता. एकटाच. दिवसभर भिंतीला शिंग लावून उभा राहायचा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. भागोजीचा त्याच्यावर फार जीव. रोज संध्याकाळी तो गजांमधून खराटा घालून बलभीमाच्या कानामागे खाजवायचा, आणि बलभीम डोळे मिटून घ्यायचा.

संग्रहालयाचे मोठे साहेब म्हणजे पारसनीससाहेब. एके दिवशी त्यांनी टेबलावर भला मोठा नकाशा पसरला आणि सगळ्यांना बोलावलं.

"नवी घरं बांधायची आहेत," साहेब म्हणाले. "बदकांना तळं, अस्वलाला गुहा, माकडांना उंच जाळी. गेंड्यांना शेजारी शेजारी दोन घरं, मध्ये एक फाटक. शहरातलं मोठं संग्रहालय आपल्याला जाई नावाची मादी देतंय. जोडी जमली तर जाई इथेच राहील. पुढेमागे पिल्लू होईल."

"आणि नाही जमली तर?" भागोजीनं विचारलं.

"तर जाई परत जाईल. आणि बलभीमालाही कुठेतरी लांब धाडतील. एकट्या गेंड्यासाठी कोण घर ठेवतं?"

भागोजी खराटा घेऊन तडक बलभीमाकडे गेला आणि अंधार पडेपर्यंत त्याच्या कानामागे खाजवत बसला.

घरं बांधून झाली. म्हणजे अर्धीच झाली, पण रंग पूर्ण लागला. मग जनावरं हलवायचं काम निघालं. त्या कामाचे मुख्य तात्या. तात्यांना सगळं माहीत असायचं. विचारायच्या आधीच माहीत असायचं.

"भागोजी, बदकं नव्या तळ्यात सोडून ये," तात्या म्हणाले.

भागोजी बदकं सोडून आला. बदकांनी तळ्याला एक फेरी मारली, उघड्या दारातून बाहेर पडली आणि रांगेनं आठवडी बाजारात गेली. त्यातली दोन कोथिंबीर घेऊन परत आली. बाकीची आणायला माणसं पाठवावी लागली.

"शहाण्या!" तात्या ओरडले. "जनावर नव्या घरात गेलं की लगेच कडी लावावी! एवढंही कळत नाही?"

"आता कळलं, तात्या."

दुसऱ्या दिवशी अस्वलाची पाळी. भागोजी गुळाचा खडा दाखवत दाखवत अस्वलाला गुहेत घेऊन गेला. अस्वल आत आलं रे आलं, त्यानं कडी लावली. आतून.

थोड्या वेळानं तात्या बघतात, तर अस्वल खाली बसून वर बघतंय, आणि वर, गुहेतल्या ओंडक्यावर, भागोजी बसलाय.

"अरे, कडी काढ!"

"तुम्हीच लावायला सांगितली होती ना?"

अस्वलानं त्याचा सदरा काढून घेतला, खिशातला सगळा गूळ संपवला आणि झोपी गेलं. तेव्हा कुठे भागोजी बाहेर आला. तोवर साहेबही आले होते.

"मूर्खा, आपण बाहेर राहायचं!" साहेब म्हणाले. "तो आत गेला की बाहेरून कडी घालायची. जाळीतून दोन केळी टाकायची. आणि शांत झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. कितीही ओरडला तरी नाही!"

"आता कळलं, साहेब."

मग शहरातून वागळेसाहेब आले. जाईला इथे ठेवायचं की नाही ते वागळेसाहेब ठरवणार होते. डोक्यावर टोपी, हातात छत्री, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'आमच्या वेळी'. आमच्या वेळी विटा पक्क्या असत. आमच्या वेळी माकडंसुद्धा शिस्तीत वागत. असं म्हणत म्हणत ते माकडांच्या नव्या घरात शिरले आणि छत्रीनं जाळी ठोकून बघू लागले.

भागोजीला एवढंच दिसलं, तो आत गेला. भागोजीनं बाहेरून कडी घातली आणि जाळीतून दोन केळी टाकली.

"कोण आहे रे? दार उघड!" वागळेसाहेब गरजले.

"शांत व्हा, मग उघडतो."

"मी कोण आहे माहीत आहे का तुला?"

भागोजीनं आणखी दोन केळी टाकली. तोवर सहलीला आलेली माणसं जमली. कोणी शेंगा टाकल्या. वागळेसाहेबांनी छत्री आपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आई, हा कुठला गं?" एका पोरीनं विचारलं.

"पाटी लावली नाही अजून," आई म्हणाली.

शेवटी वागळेसाहेब दमून खाली बसले आणि त्यांनी एक केळं सोललं. शांत झाले. भागोजीनं दार उघडलं.

साहेब धावत आले. त्यांच्या तोंडाला फेस आला होता. "अरे गाढवा, दारी कोणी आलं की असं वागतात? हात जोडावेत! हार घालावा! बसायला खुर्ची द्यावी, चहा पाजावा!"

"आता कळलं, साहेब."

जाईची गाडी आली. मुबारकभाई ड्रायव्हरनं ती गेंड्याच्या घरासमोर मागे मागे घेत लावली. गाडीपासून घराच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी जाड लाकडांचं कुंपण केलेलं होतं. गाडीचं दार उघडलं. जाई खाली उतरते, तो समोर खुर्ची. साहेबांची, ऑफिसातली, गादीची. खुर्चीवर हार आणि शेजारी चहाची किटली. कुंपणापलीकडे भागोजी हात जोडून उभा.

"बसा," तो म्हणाला. "प्रवास कसा झाला?"

जाईनं हार खाल्ला. खुर्चीवर एक पाय ठेवला, आणि खुर्चीची चटई झाली. चहा घेतला. किटलीसकट.

"माझी खुर्ची!" साहेब म्हणाले.

"ठोंब्या!" तात्या म्हणाले. "पाहुणी आहे का ती? सून आहे ती आपली! सुनेसारखी घे तिला घरात!"

"आता कळलं, तात्या."

भागोजी धावत घरी गेला. त्याच्या घरी त्याची म्हातारी मावशी होती. तिच्याकडून त्यानं पितळी माप मागून आणलं, तांदळानं शिगोशीग भरलं आणि गजांमधून हात घालून गेंड्याच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवलं. मग दाराला खराटा आडवा धरून उभा राहिला.

"वहिनी, नाव घ्या."

जाईनं नाकातून वारा सोडला.

"हटवा त्याला!" वागळेसाहेब ओरडले.

"नाव घेतल्याशिवाय कसं सोडायचं, साहेब? पद्धत आहे. वहिनी, लाजू नका."

"अरे, पण आधी उजवा पाय!" तात्यांना राहवलं नाही.

"आमच्या वेळी माप डाव्या हाताला ठेवत," वागळेसाहेब म्हणाले.

माप कुठे ठेवायचं यावर तिघांचा वाद चालू असतानाच जाईनं मान खाली घातली आणि निघाली. खराटा मोडला. तांदूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडले. आणि माप बसलं जाईच्या शिंगावर. घट्ट.

बलभीम मधल्या फाटकाच्या गजांतून बघत होता. नाकावर पितळ चमकवत, फुसफुसत येणारी बायको त्यानं कधी बघितली नव्हती. तो मागे वळला, आपल्या डबक्यात शिरला आणि नाकपुड्यांपर्यंत बुडून बसला.

माप त्याच संध्याकाळी गळून पडलं. पण बलभीम काही फाटकाजवळ येईना. नवरा डबक्यात, नवरी कोपऱ्यात.

आता तिन्ही जाणती माणसं रोज भिंतीशी उभी राहू लागली. साहेब म्हणत, "घर स्वच्छ ठेवा. शेणाचा पो दिसता कामा नये." तात्या म्हणत, "फिनाईल टाका." वागळेसाहेब म्हणत, "आमच्या वेळी दोनदा टाकत." भागोजी दोन्ही घरं झाडायचा, धुवायचा आणि फिनाईल टाकायचा. दोनदा.

आता गेंड्याची गंमत अशी, की त्याला डोळ्यांनी धड दिसत नाही. तो ओळख करून घेतो वासानं. शेणाचा ढीग हुंगला की त्याला कळतं, इथे कोण राहतं, वय काय, स्वभाव कसा. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात तसंच, फक्त गेंड्याला खरं कळतं. गेंड्यांवरच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं असतं. पण तिघांपैकी एकानंही पुस्तक उघडलं नव्हतं. त्यांना अनुभव होता. त्या फिनाईलमधून जाईला कसला वास येणार? तिला वाटलं, पलीकडे दवाखाना आहे.

अखेर वागळेसाहेब म्हणाले, "हे जमायचं नाही. उद्या सकाळी जाईला गाडीत घाला. मग त्या बलभीमाचंही बघू."

त्या संध्याकाळी भागोजी ताटावर बसला आणि भाकरीकडे बघत राहिला.

"काय रे, जेवत का नाहीस?" मावशीनं विचारलं.

"मावशे, बलभीमाचं जमत नाही. त्याला घालवणार."

"घरात म्हातारी किती आहेत?"

"तीन."

"मग कसं जमेल? माझं लग्न झालं तेव्हा सासू, आजेसासरे, चुलतसासरे, सगळे छातीवर बसलेले. असं बस, तसं वाढ, इकडे बघू नको. तुझ्या काकाचा आवाज कसा आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मग एकदा सगळी म्हातारी गाडीत घालून जत्रेला पाठवली. घरात आम्ही दोघंच. मधल्या दाराला कडी घालणारं कोणी नाही, हे कर ते कर सांगणारं कोणी नाही. तेव्हा तुझा काका पहिल्यांदा म्हणाला, 'तुला गूळशेंगदाणे आवडतात का?' जमलं की मग!"

"म्हणजे म्हातारी गाडीत घालायची?"

"दुसरं काय!"

"आता कळलं, मावशे." आणि भागोजी तीन भाकरी जेवला.

सकाळी मुबारकभाईनं गाडी लावली. साहेबांनी त्याला बजावलं, "हे बघ, आत आदळआपट होईल, ओरडाआरडा होईल. शहर येईपर्यंत दार उघडायचं नाही."

"जी साहेब," म्हणून मुबारकभाई पुढे जाऊन बसला.

गाडीत गवत पसरलेलं होतं. तात्यांनी आत डोकावून पाहिलं. "गवत कमी आहे."

"जास्त आहे," साहेब म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय?" तात्या आत चढले आणि गवत पसरू लागले. ते चुकीचं पसरतायत म्हणून साहेब चढले. दोघंही चुकतायत हे दाखवायला वागळेसाहेब चढले. छत्रीसकट.

भागोजीनं दार लोटलं, अडसर घातला आणि पुढे जाऊन म्हणाला, "चला मुबारकभाई, भरली."

"आत धडका बसतायत रे!"

"बसणारच. म्हाताऱ्यांना घर सोडवत नाही."

"म्हातारी आहे होय?" मुबारकभाई हळहळला आणि त्यानं गाडी सोडली.

भागोजीनं मधलं फाटक उघडलं. मग तो हुकमाची वाट बघत पारावर बसला. झाड म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून तो झाडला नाही. धू म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यानं धुतलं नाही. दुपारपर्यंत बलभीमाच्या घरात चांगला गुडघाभर ढीग झाला. जाईनं फाटकातून मान आत घातली. ढीग हुंगला. पुन्हा हुंगला. मग सावकाश डबक्याकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला फोन वाजला.

"भागोजी!" पलीकडून साहेब ओरडत होते. त्यांच्यामागे तात्या शिंकत होते आणि वागळेसाहेब कोणाला तरी सांगत होते की ते वागळेसाहेब आहेत. "नालायका, हे काय केलंस? आम्ही येतोय परत! आत्ताच्या आत्ता निघतोय!"

भागोजीनं खिडकीतून बघितलं. डबक्यात दोन पाठी होत्या. जाईनं आपली हनुवटी बलभीमाच्या पाठीवर टेकवली होती, आणि बलभीमानं डोळे मिटून घेतले होते.

"नका येऊ, साहेब," भागोजी हळू आवाजात म्हणाला. "इकडे जमलंय. बाळंतपणाला बोलावून घेतो."

आणि त्यानं फोन ठेवला.

गेंड्याची मादी सोळा महिन्यांनी विते.