सिंहछाप नाणे आणि चिंचेचे पाणी

"ही चाळीस नाणी उद्या सकाळपर्यंत नव्यासारखी चकाकली पाहिजेत, पण त्यांचे वय मात्र एका दिवसानेही कमी होता कामा नये! जमले नाही, तर भांडाराच्या किल्ल्या येथे ठेवून चालते व्हा!"

देवसाळीच्या प्रतापमल्ल महाराजांना जुनी नाणी जमविण्याचा छंद लागून अवघे तीन आठवडे झाले होते. आणि तीन आठवड्यांचा छांदिष्ट हा तीस वर्षांच्या जाणकाराहून नेहमीच अधिक हट्टी असतो. आजोबांच्या पेटीत त्यांना सिंहाची छाप असलेली तांब्याची चाळीस नाणी सापडली. ती काळपट होती, एवढाच त्यांचा अपराध! त्यातून मुकुंदशेट व्यापाऱ्याने महाराजांचे कान भरले होते.

"सरकार, राजाच्या संग्रहात असले काळे तुकडे? हे मला मोडीत द्या आणि बदल्यात माझी चाळीस चकचकीत नाणी घ्या!"

महाराजांना आजोबांची नाणी देववत नव्हती, आणि काळी पाहवतही नव्हती. म्हणून हा हुकूम वृद्ध भांडारी राघोजींच्या माथी आला.

राघोजी घरी परतले आणि मुकाट्याने चिंच भिजत घालू लागले. त्यांच्या मुलीने, येसूने, वाडगे त्यांच्या हातातून काढून घेतले.

"बाबा, चिंच आमटीत शोभते. उद्या मला दरबारात घेऊन चला. किल्ल्या तुमच्याच कमरेला राहतील!"

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूने महाराजांपुढे स्वतःची दोन नाणी ठेवली.

"महाराज, ही माझ्या पणजीची. दोन्ही सिंहछाप, एकाच टाकसाळीतली जुळी भावंडे. एक कणगीच्या तळाशी पडून राहिले. दुसरे देवघरातल्या कलशात गेले, आणि आमच्या घरच्या चार पिढ्यांनी ते दर शुक्रवारी चिंचेने घासले."

"वा! हे कलशातले किती लख्ख!" महाराज हरखले. "मला अगदी असेच हवे!"

"असे म्हणता?" येसू बाजूला उभ्या असलेल्या शेटजींकडे वळली. "मुकुंदशेट, आपण तर मोठे पारखी. यांतले एक नाणे आपल्याला बक्षीस! कोणते घेता?"

तिचे वाक्य पुरे होण्याआधीच शेटजींचा हात पुढे झाला आणि काळ्या नाण्यावर पडला!

"अगबाई! शेटजी, काळे तुकडे मोडीत द्यायचे असतात ना?"

"ते... माझे लक्ष नव्हते."

"लक्ष नव्हते, म्हणूनच हात खरे बोलून गेला!"

महाराजांच्या भुवया वर गेल्या. "शेट, काळेच का? खरे सांगा!"

शेटजींनी नाण्यावरचा हात मागे घेतला. "सरकार, घासलेल्यावरचा सिंह पुसून गेला, राजाचे नावही गेले. जाणकार त्याची कवडीसुद्धा देणार नाही."

"आणि असली चाळीस तुम्ही माझ्या गळ्यात बांधणार होता!"

शेटजी फरशीवरची नक्षी फार लक्षपूर्वक पाहू लागले.

परंतु महाराज म्हणजे महाराज! "ते राहू दे. हुकूम तो हुकूम! माझी नाणी चकाकली नाहीत, तर किल्ल्या..."

"चकाकतील की! महाराजांना थोडे कष्ट मात्र पडतील. सिंहासनावरून उठून पूर्वेच्या खिडकीशी यावे लागेल."

महाराज खिडकीशी आले आणि त्यांनी राघोजींनी पुढे धरलेल्या पेटीतले एक नाणे चिमटीत घट्ट पकडले.

"अंहं! नाण्याच्या तोंडावर बोटे नकोत, महाराज. कडेने धरावे. आणि त्याआधी हात पुसावेत. बोटांना अजून सकाळच्या शिऱ्याचे तूप आहे!"

लहानपणानंतर महाराजांना हात पुसायला सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. महाराजांनी हात पुसले.

"आता नाणे किंचित तिरपे करावे. आणखी थोडे... पुरे!"

कोवळे ऊन आडवे नाण्यावरून गेले, आणि काळ्या तांब्यातून सिंह उभा राहिला! आधी आयाळ झळाळली, मग उचललेला पंजा, मग शेपटीचा गोंडा. आणि कडेने अक्षरांची ओळ उजळली.

"अरे! हे तर माझ्या खापरपणजोबांचे नाव!" महाराज लहान मुलासारखे ओरडले.

"चकाकले ना, महाराज?"

"चकाकले!"

"आणि वय?"

"जेथल्या तेथे!"

"मग बाबांनी काल ही नाणी चिंचेने घासली असती, तर हे खापरपणजोबा रात्रीच मोरीतून वाहून गेले असते!"

महाराज इतके हसले की मुकुट कानावर आला.

"राघोजी, किल्ल्या तुमच्याच! आणि येसू, आजपासून हा सारा संग्रह तुझ्या हवाली. हा नवा शिष्यही तुझ्याच हवाली, जरा हट्टी आहे, एवढे सांभाळून घे!"

असे म्हणून त्यांनी बक्षीस देण्यासाठी कमरेच्या पिशवीतून सोन्याची मोहोर काढली, हात पुढे केला, आणि मध्येच थबकले. त्यांनी बोटे उपरण्याला नीट पुसली, मोहोर अलगद कडेने धरली, आणि मगच येसूच्या तळहातावर ठेवली.