जितीचा धोंडा

चपला तिकडंच काढा. आणि त्या धोंड्यावर टेकू नका, तो बसायला नाही. नदीच्या वळणावरचा हा काळा सपाट दगड म्हणजे जितीचा धोंडा. गावातल्या सगळ्यांचे दहाव्याचे पिंड यावरच ठेवतात.

असं सांगतात, फार मागं तांबव्यांच्या घरात ठकूबाई होती. नवरा ऐन उमेदीत गेला. तिनं पोरं वाढवली, सुना आणल्या, नातवंडं खेळवली. सगळ्यांना वाढून उरलं तर खायची. खूप जगली. घरच्यांना वाटायला लागलं, जरा जास्तच जगली.

मग दुष्काळ पडला. घरदार मेंढरं घेऊन कोकणात उतरायला निघालं. म्हातारीला चालवेना. थोरल्या लेकानं, बाळोबानं, तिला पाठीवर घेतलं आणि डोंगराच्या कपारीत नेऊन बसवलं. जवळ भाकरी ठेवली, पाण्याचं मडकं ठेवलं.

"पाऊस पडला की न्यायला येतो, आये."

"ये रे. पोरांना जप," ती म्हणाली.

पाऊस पडला, माणसं परत आली. कपारीकडं एक जण फिरकला नाही. जाऊन बघावं आणि म्हातारी जिवंत निघावी, हीच भीती. बाळोबानं डोकं भादरलं आणि आईचा दहावा घातला.

कावळा शिवेना. शिवणार कसा? म्हातारी उंबरं नि पाला खाऊन जगली होती म्हणे. नदीवर आपली माणसं जमलेली दिसली, तशी सरपटत खाली आली. धोंड्यापाशी बसली आणि पिंडाचा भात खायला लागली.

"आये, तू मेलीस ना?"

"भूक कुठं मेलीय अजून! चल घरी. चुलीचं कोण बघतंय?"

पाटील म्हणाला, "पिंड ठेवला म्हणजे मेली. मेलेलं माणूस घरात घेतलंस, तर तुझ्या पोरांना कोण पोरी देणार?"

बाळोबानं मान खाली घातली. नातवंडांच्या लग्नाचं ऐकून म्हातारी इथंच राहिली.

मेलेलीला भाकरी कोण देणार? गावात कुणी मेलं की पिंड खायची, एरवी उंबरं नि नदीचं पाणी. बाळोबाची बायको गोजरा हंडा भरायची आणि तोंड फिरवून जायची. नातवंडांची लग्नं तिनं इथं बसून वाजंत्रीवरनं ओळखली. कावळे यायचे बंद झाले. म्हातारी शिवली की जीव सुटला, असं गावानं धरून टाकलं.

मग बाळोबाच मेला. त्याचा पिंड ठेवला. बरेच दिवस गावात कुणी मेलं नव्हतं, म्हातारीच्या पोटात खड्डा पडलेला. हात भातापर्यंत गेला आणि तिनं मागं घेतला.

"आत्याबाई, शिवा की," गोजरा रडायला लागली. "त्यांचा जीव अडकलाय. घोंगडं देते, रोज भाकरी देते."

ती हलली नाही. मग नातू पुढं झाला. "आजे, घरी नेतो तुला. आत्ता. पाठीवर घेतो."

एवढं ऐकायलाच ती जगली होती. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "मेलेल्याला घरी न्यायचं नसतं, बाळा. तुझ्या बापाची रीत आहे." आणि लेकाच्या पिंडाकडं पाठ करून बसली. बसल्या जागीच गेली.

आजही गावात कुणाचा दहावा असला, की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला पाटावर बसवतात. कर्त्या पुरुषानं आपल्या हातानं तिला पोटभर भरवायचं, मगच पिंड उचलायचा. माया बिया काही नाही, भ्यालेत. तांबवे तर म्हातारीच्या पानात सगळ्यात जास्त वाढतात. तरी त्यांच्या पिंडाला आजवर कावळा आलेला कुणी बघितला नाही. उन्हं कलेपर्यंत हात जोडून उभे राहतात, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात, आणि मागं न बघता घर गाठतात.