दोघं मिळून एक

एका राज्यात अपंग आईबापांना आणि पोरक्या मुलांना सरकारातून धान्य मिळे. मात्र आईबापांनी दोघांनीही गडावर येऊन आपलं अपंगत्व दाखवायचं, असा दिवाणाचा नियम होता. सगुणाचे पाय लुळे होते आणि तिचा नवरा भिवा आंधळा. भिवाने तिला पाठीवर घेतलं, ती वाट सांगत गेली आणि दोघं कशीबशी दरबारात पोचली.

दिवाण हसला. "डोळे हिचे, पाय याचे. दोघं मिळून एक धडधाकट माणूस होतो की! धान्य कशाला?"

सगुणा म्हणाली, "बरं, दिवाणजी, आम्ही दोघं मिळून एकच. मग आमच्या मुलांना आई नाही की बाप नाही, ते तुम्हीच ठरवा आणि त्यांना पोरक्यांचं धान्य द्या."

सगळा दरबार खदखदून हसला. राजाने तिथल्या तिथे नियम रद्द केला आणि यापुढे धान्य घरपोच जाईल, असं फर्मावलं. मग त्याने विचारलं, "आणखी काय हवं, बाई?"

"हेच गेल्या साली व्हायला हवं होतं, महाराज," सगुणा म्हणाली. "घरात खायला नव्हतं, म्हणून धाकटीला परगावी देऊन टाकली. आता ती दुसरीला आई म्हणते."